डिकम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टमी

डिकम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टमी ही मेंदूला आलेल्या सुजेमुळे कवटीच्या आत वाढलेला दाब कमी करण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया आहे. या शस्त्रक्रियेत कवटीच्या हाडाचा मोठा तुकडा काढला जातो, मेंदूवरील दृढतानिका हे जाड आवरण उघडले जाते आणि हाड परत न बसवता डोक्याची त्वचा शिवली जाते. सुजलेल्या मेंदूला त्यामुळे बाहेरच्या बाजूस फुगण्यास जागा मिळते. हाड त्याच वेळी पुन्हा बसवले जाते त्या शस्त्रक्रियेस क्रेनिओटमी म्हणतात. या दोहोंतील फरक एवढाच असला, तरी रुग्णाच्या पुढील काही महिन्यांच्या दृष्टीने तो मोठा आहे.

मेंदूच्या मोठ्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडून झालेला पक्षाघात आणि डोक्याला झालेली गंभीर इजा ही या शस्त्रक्रियेची दोन प्रमुख कारणे आहेत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तिचा वापर मुख्यतः शल्यचिकित्सकाच्या वैयक्तिक अनुभवावर चालत असे. २००७ नंतर प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचण्यांनी तिच्या परिणामांचे मोजमाप केले. शस्त्रक्रियेने मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते, हे यांपैकी बहुतेक चाचण्यांत दिसून आले. परंतु वाचलेल्या रुग्णांपैकी बरेच जण कायमचे परावलंबी राहतात, हेही त्याच चाचण्यांनी दाखवले. त्यामुळे या शस्त्रक्रियेविषयीची आजची चर्चा ‘रुग्ण वाचतो का’ या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या स्थितीत वाचतो’ या प्रश्नाभोवती अधिक फिरते.

शरीरक्रियात्मक आधार

प्रौढ माणसाची कवटी ही एक बंद, न ताणली जाणारी पेटी आहे. तिच्या आतील जागेपैकी सुमारे ८० टक्के मेंदूने व्यापलेली असते. उरलेल्या जागेत रक्त आणि मस्तिष्क-मेरुद्रव साधारण सारख्या प्रमाणात असतात. या तिन्हींपैकी एकाचे आकारमान वाढले, तर दुसऱ्या कशाला तरी जागा सोडावी लागते. अन्यथा दाब वाढतो. हे तत्त्व अलेक्झांडर मन्रो (दुसरे) यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडले. दोघेही स्कॉटलंडचे होते आणि त्यांच्याच नावाने ते मन्रो-केली सिद्धान्त म्हणून ओळखले जाते.

सूज येऊ लागली, की आधी मस्तिष्क-मेरुद्रव मणक्याच्या पोकळीकडे सरकतो आणि शिरांमधील रक्त बाहेर ढकलले जाते. हा राखीव अवकाश संपेपर्यंत दाब फारसा वाढत नाही. तो संपल्यावर मात्र थोड्याशा जादा सुजेनेही दाब एकदम चढतो. वरवर स्थिर दिसणारा रुग्ण काही तासांत अत्यवस्थ का होतो, याचे स्पष्टीकरण यात मिळते.

निरोगी प्रौढाच्या कवटीतील दाब पडून असताना सुमारे ७ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो. डोक्याच्या गंभीर इजेत तो २२ च्या वर राहिल्यास उपचार करावेत, असे अमेरिकेतील ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. वाढलेल्या दाबाचे दोन धोके असतात. धमन्यांतील रक्तदाब आणि कवटीतील दाब यांच्यातील फरकावर मेंदूचा रक्तपुरवठा अवलंबून असतो. हा फरक घटला, की अद्याप शाबूत असलेल्या पेशींनाही रक्त अपुरे पडते. दुसरा धोका यांत्रिक आहे. सुजलेला भाग आतील पडद्यांच्या कडांवरून सरकून मेंदूच्या देठावर, म्हणजे मस्तिष्कस्तंभावर, दाब देतो. श्वसन आणि जागृती यांची केंद्रे तेथेच आहेत. डोळ्याच्या बाहुलीकडे जाणारी चेतातंतूही याच वाटेवर दबली जात असल्याने एका बाजूची बाहुली मोठी होणे व प्रकाशाला प्रतिसाद न देणे हे धोक्याचे चिन्ह मानले जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी अन्य उपाय केले जातात. डोक्याकडील बाजू सुमारे ३० अंश उंच ठेवणे, गुंगीची औषधे, कृत्रिम श्वसन, मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे द्रावण शिरेतून देणे, मेंदूतील पोकळीत नळी घालून द्रव काढणे आणि शेवटी बार्बिट्युरेट गटातील औषधांनी खोल बेशुद्धी आणणे, असा साधारण क्रम असतो. शस्त्रक्रिया या पायऱ्यांपैकी कितव्या पायरीवर करावी, हाच पुढील अनेक चाचण्यांचा विषय ठरला.

इतिहास

कवटीला भोक पाडण्याची प्रथा प्रागैतिहासिक आहे. काश्मीरमधील बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन वसाहतीत अशी छिद्रे असलेली कवटी सापडली आहे. मात्र त्या काळातील छिद्रांमागचा हेतू निश्चित सांगता येत नाही आणि त्यांचा आजच्या शस्त्रक्रियेशी थेट संबंध जोडणे योग्य ठरणार नाही.

आधुनिक अर्थाने ही कल्पना स्विस शल्यचिकित्सक थेओडोर कोखर यांनी १९०१ मध्ये मांडली. (कोखर यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अवटू ग्रंथीवरील कार्यासाठी.) १९०५ मध्ये अमेरिकेतील हार्वी कुशिंग यांनी कानशिलाच्या स्नायूखालील हाड काढण्याची पद्धत वर्णन केली. तिचा उपयोग त्यांनी आधी काढता न येणाऱ्या गाठींसाठी आणि नंतर डोक्याच्या दुखापतींसाठी केला. त्यांनी काढलेला तुकडा आजच्या मानाने फारच लहान असे.

१९७१ मध्ये केल्बर्ग आणि प्रिएटो यांनी कपाळाच्या दोन्ही बाजूंचे हाड काढण्याच्या पद्धतीचा अहवाल प्रसिद्ध केला. वाचलेल्यांचे प्रमाण कमी होते. त्यातच १९७९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत हाड काढल्यावर मेंदूची सूज उलट वाढल्याचे आढळले आणि शस्त्रक्रिया मागे पडली. सीटी स्कॅन, कवटीतील दाब सतत मोजणारी उपकरणे आणि सुसज्ज अतिदक्षता विभाग उपलब्ध झाल्यानंतर, १९९० च्या दशकात ती पुन्हा वापरात आली.

पद्धत

पक्षाघातात ज्या बाजूचा मेंदू सुजला आहे त्या बाजूचे हाड काढतात. या प्रकारास हेमिक्रेनिएक्टमी म्हणतात. दुखापतीत दोन्ही बाजूंना पसरलेली सूज असल्यास दोन्ही बाजूंचे कपाळाचे हाड काढण्याचाही पर्याय असतो.

तुकड्याचा आकार हा यशाचा कळीचा घटक आहे. लहान झरोक्यातून फुगून बाहेर येणारा मेंदू हाडाच्या कडेवर घासतो, त्याच्या शिरा दबतात आणि नवी इजा होते. म्हणून ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनने एका बाजूच्या शस्त्रक्रियेत किमान १२ गुणिले १५ सेंटीमीटर, किंवा १५ सेंटीमीटर व्यासाचा, तुकडा काढण्याची शिफारस केली आहे. तळहातापेक्षा मोठा असा हा तुकडा कपाळापासून डोक्याच्या मागील भागापर्यंत जातो आणि खाली कानशिलाच्या तळापर्यंत पोचतो. त्यानंतर दृढतानिका उघडून तिच्यावर रुग्णाच्याच ऊतीचे किंवा कृत्रिम पदार्थाचे सैल ठिगळ लावले जाते. मेंदूचा मृत झालेला भाग साधारणतः काढत नाहीत.

काढलेले हाड एक तर उणे ७० ते उणे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या शीतकपाटात निर्जंतुक ठेवतात, किंवा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली चरबीच्या थरात कप्पा करून ठेवतात. दुसऱ्या पद्धतीस शीतकपाट लागत नाही आणि रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला तरी हाड त्याच्याबरोबरच राहते. भारतातील अनेक रुग्णालयांत ही पद्धत वापरली जाते. ‘हाड पोटात ठेवले आहे’ हे डॉक्टरांचे वाक्य नातेवाइकांना प्रथम बुचकळ्यात टाकते, पण ते शब्दशः खरे असते.

पक्षाघातातील परिणाम

मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागाला रक्त पुरवणारी सर्वांत मोठी वाहिनी म्हणजे मध्य मस्तिष्क धमनी. ती मुळाशीच बंद पडली, तर त्या बाजूचा बहुतेक भाग मृत होतो आणि पुढील दोन ते पाच दिवसांत त्याला प्रचंड सूज येते. १९९६ मध्ये जर्मनीतील वेर्नर हाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिदक्षता विभागातील उपचार होऊनही त्यांपैकी ७८ टक्के रुग्ण दगावले. या अवस्थेला त्यांनी ‘मॅलिग्नंट’ असे विशेषण दिले. कर्करोगाशी तिचा काहीही संबंध नाही.

यानंतर युरोपात तीन चाचण्या जवळजवळ एकाच काळात सुरू झाल्या: फ्रान्समध्ये डेसिमल, जर्मनीत डेस्टिनी आणि नेदरलँड्समध्ये हॅम्लेट. प्रत्येकीतील रुग्णसंख्या लहान होती. डेसिमलमध्ये ३८, डेस्टिनीत ३२ आणि हॅम्लेटमध्ये ६४ रुग्ण होते. मृत्यूच्या प्रमाणातील तफावत इतकी ठळक दिसू लागली, की पहिल्या दोन चाचण्या मुदतीआधीच थांबवण्यात आल्या. तिन्ही चाचण्यांच्या संशोधकांनी, आपापले निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच, आकडेवारी एकत्र करण्याचे ठरवले होते. हे एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये ‘द लॅन्सेट न्यूरॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १८ ते ६० वर्षे वयाचे आणि पक्षाघातानंतर ४८ तासांच्या आत उपचार सुरू झालेले ९३ रुग्ण होते.

एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के रुग्ण हयात होते, तर केवळ औषधोपचार झालेल्यांपैकी २९ टक्के. म्हणजे सरासरी दोन रुग्णांवर शस्त्रक्रिया केली असता एकाचा जीव वाचला. मेंदूविकारांच्या उपचारांत इतका मोठा फरक क्वचितच आढळतो.

या आकड्यांचा पुढचा अर्थ समजण्यासाठी सुधारित रँकिन श्रेणी माहीत असणे आवश्यक आहे. ग्लासगोचे डॉक्टर जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या श्रेणीवरून ती तयार झाली. शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. २ पर्यंतचा रुग्ण स्वतःचे व्यवहार स्वतः पाहतो. ३ च्या रुग्णाला काही मदत लागते, पण तो आधाराशिवाय चालतो. ४ च्या रुग्णाला दुसऱ्याच्या मदतीशिवाय चालता येत नाही आणि अंघोळ, कपडे, शौच यांसाठीही मदत लागते. ५ चा रुग्ण अंथरुणाला खिळलेला असून त्याला सतत शुश्रूषा लागते.

२००७ च्या विश्लेषणात शस्त्रक्रिया झालेल्या गटातील १४ टक्के रुग्ण २ या श्रेणीत, २९ टक्के ३ मध्ये, ३१ टक्के ४ मध्ये आणि ४ टक्के ५ मध्ये होते. केवळ औषधोपचाराच्या गटात हे आकडे अनुक्रमे २, १९, २ आणि ५ टक्के होते. ४ या श्रेणीतील वाढ सर्वांत मोठी आहे. संशोधकांनी ‘अनुकूल परिणाम’ म्हणजे ४ किंवा त्याहून चांगली श्रेणी असे ठरवले होते आणि त्या व्याख्येनुसार तो ७५ टक्के विरुद्ध २४ टक्के असा आला. हीच रेषा ३ वर आखली, तर ४३ विरुद्ध २१ टक्के असे चित्र दिसते. दोन्ही गणिते बरोबर आहेत. स्वतःच्या पायांवर न चालू शकणाऱ्या माणसाची स्थिती ‘अनुकूल’ म्हणावी काय, हा प्रश्न संख्याशास्त्राने सुटणारा नाही. तरीही चाचणीचा मुख्य निष्कर्ष त्याच्या उत्तरावर ठरतो. पूर्णपणे लक्षणमुक्त असा एकही रुग्ण कोणत्याच गटात नव्हता, ही बाब संक्षिप्त वृत्तांतांत बहुधा निसटते.

हॅम्लेट चाचणीत पक्षाघातानंतर ९६ तासांपर्यंतचे रुग्ण घेतले होते. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये स्पष्ट लाभ दिसला नाही; मात्र त्यांची संख्या थोडी असल्याने त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

साठीपुढील रुग्णांसाठी डेस्टिनी २ ही स्वतंत्र चाचणी झाली आणि २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ६१ वर्षे व त्यावरील ११२ रुग्ण होते. मृत्यूचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. म्हणजे जीव वाचवण्याची क्षमता वृद्धांमध्येही टिकून होती. पण स्वतःचे व्यवहार पाहू शकेल असा, २ किंवा त्याहून चांगल्या श्रेणीतील, एकही रुग्ण दोन्ही गटांत नव्हता. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी केवळ ७ टक्के रुग्ण ३ मध्ये, ३२ टक्के ४ मध्ये आणि २८ टक्के ५ मध्ये होते. तरुण रुग्णांत अंथरुणाला खिळलेल्यांचे प्रमाण ४ टक्के होते. त्यामुळे साठीच्या पुढे वाचण्याची शक्यता आणि परावलंबी राहण्याची शक्यता या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात.

२०२१ मध्ये सात चाचण्यांतील ४८८ रुग्णांच्या वैयक्तिक नोंदी एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही मृत्यूतील घट आणि ३ किंवा त्याहून चांगल्या श्रेणीची वाढलेली शक्यता या दोन्ही गोष्टींना दुजोरा मिळाला.

डोक्याच्या इजेतील परिणाम

डोक्याच्या इजेतील पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. पक्षाघातात इजा एका ठराविक भागापुरती असते; अपघातात ती बहुधा सर्वत्र विखुरलेली असते आणि सूज हा तिचा केवळ एक भाग असतो. दाब उतरवला म्हणून तुटलेले चेतातंतू जुळत नाहीत.

लहान मुलांवरील एक छोटी चाचणी मेलबर्न येथे झाली व २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत फक्त २७ मुले होती. शस्त्रक्रिया झालेल्या १३ पैकी ७ मुलांची स्थिती चांगली राहिली, तर उरलेल्या १४ पैकी २ मुलांची. संख्या लहान असली, तरी या निष्कर्षाने मोठ्या चाचण्यांना चालना मिळाली.

पहिली मोठी चाचणी म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सौदी अरेबियातील डेक्रा. १५ ते ५९ वर्षे वयाच्या १५५ रुग्णांत कवटीतील दाब तासाभरात एकूण १५ मिनिटांहून अधिक काळ २० च्या वर गेला, की लगेच दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया करायची, असे तीत ठरले होते. २०११ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा शस्त्रक्रियेच्या समर्थकांना धक्का बसला. दाब कमी झाला होता आणि अतिदक्षता विभागातील मुक्कामही घटला होता. मृत्यूचे प्रमाण मात्र १९ आणि १८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. सहा महिन्यांनंतर प्रतिकूल स्थितीत असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्या गटात ७० टक्के, तर दुसऱ्या गटात ५१ टक्के होते. पडद्यावरील आकडा सुधारला आणि रुग्ण सुधारला नाही, असे हे उदाहरण आहे.

डेक्रावर टीकाही झाली. दोन्ही बाहुल्या प्रतिसाद न देणारे रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात २७ टक्के आणि दुसऱ्या गटात १२ टक्के होते, म्हणजे गट मुळातच समतोल नव्हते. हा फरक हिशेबात घेतल्यावर निष्कर्षातील तफावत संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक उरली नाही. शिवाय २० चा उंबरठा आणि १५ मिनिटांची मुदत फारच घाईची असून प्रत्यक्षात इतक्या लवकर कोणी शस्त्रक्रिया करत नाही, असा आक्षेप अनेक शल्यचिकित्सकांनी घेतला.

केंब्रिज येथील पीटर हचिन्सन यांच्या नेतृत्वाखालील रेस्क्यू-आयसीपी चाचणीत वेगळा प्रश्न विचारला गेला. इतर सर्व उपाय थकल्यावर, दाब किमान एक तास २५ च्या वर राहिल्यास, अखेरचा उपाय म्हणून शस्त्रक्रिया उपयोगी पडते का? १० ते ६५ वर्षे वयाचे ४०८ रुग्ण तीत सहभागी झाले आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत २६.९ टक्के आणि औषधोपचार झालेल्यांत ४८.९ टक्के होते. जाणिवेचे चिन्ह नसलेल्या, म्हणजे व्हेजिटेटिव्ह, अवस्थेतील रुग्ण अनुक्रमे ८.५ आणि २.१ टक्के होते. पूर्णतः इतरांवर अवलंबून असलेले २१.९ व १४.४ टक्के, घरात स्वतःचे पाहू शकणारे पण बाहेर मदत लागणारे १५.४ व ८ टक्के होते. मध्यम अपंगत्व आणि चांगली सुधारणा या सर्वांत वरच्या श्रेणींची बेरीज मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखी होती.

हेच वेगळ्या रीतीने मांडता येते. अशा १०० रुग्णांवर शस्त्रक्रिया केली, तर औषधोपचाराच्या तुलनेत सहा महिन्यांनंतर सुमारे २२ जण अधिक हयात असतात. या २२ पैकी साधारण ६ जण व्हेजिटेटिव्ह अवस्थेत, ८ जण पूर्णतः परावलंबी आणि ८ जण निदान घरापुरते स्वावलंबी असतात. निर्णय घेताना कुटुंबीयांना उपयोगी पडेल अशी ही कदाचित सर्वांत स्पष्ट मांडणी आहे.

घरापुरते स्वावलंबन या चाचणीत ‘अनुकूल’ धरले होते. डेक्रात ते ‘प्रतिकूल’ गटात मोडत होते. त्यामुळे दोन चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवताना व्याख्या तपासणे आवश्यक ठरते. एका वर्षानंतर रेस्क्यू-आयसीपीमधील अनुकूल परिणाम ४५.४ विरुद्ध ३२.४ टक्के असा झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या पाठपुराव्यातही शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत काळानुसार सुधारणा होण्याची शक्यता अधिक आढळली. सहा महिन्यांवरची स्थिती अंतिम मानू नये, एवढे यावरून म्हणता येते. औषधोपचाराच्या गटातील ३७.२ टक्के रुग्णांवर पुढे प्रकृती ढासळल्याने शस्त्रक्रिया करावी लागली होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्यामुळे दोन गटांतील खरा फरक काहीसा झाकला गेला असण्याची शक्यता आहे.

या दोन चाचण्यांच्या आधारे ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनने २०२० मध्ये आपल्या शिफारशी सुधारल्या. इतर उपाय थकल्यावर उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेची शिफारस करण्यात आली. लवकर केलेल्या शस्त्रक्रियेची करण्यात आली नाही. जेथे दाब मोजण्याचे उपकरणच नाही, तेथे ही शिफारस जशीच्या तशी लागू करता येत नाही. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील पुष्कळ रुग्णालयांत निर्णय सीटी स्कॅन, शुद्धीची पातळी आणि बाहुल्यांची तपासणी यांवरच घ्यावा लागतो.

रक्ताच्या गुठळीवरील शस्त्रक्रिया

अपघातानंतर दृढतानिकेखाली साचलेले रक्त काढण्यासाठी कवटी उघडावीच लागते. अशा वेळी हाड परत बसवावे की नाही, हा प्रश्न २०२३ मधील रेस्क्यू-एएसडीएच चाचणीने तपासला. २२८ रुग्णांचे हाड बसवले, २२२ रुग्णांचे बसवले नाही. एका वर्षानंतर दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती; मृत्यूचे प्रमाण ३०.२ आणि ३२.२ टक्के होते. हाड बसवलेल्यांपैकी १४.६ टक्के रुग्णांवर दोन आठवड्यांत पुन्हा कवटीची शस्त्रक्रिया करावी लागली, दुसऱ्या गटात ६.९ टक्क्यांवर. जखमेच्या तक्रारी मात्र हाड न बसवलेल्यांत अधिक होत्या: ३.९ टक्क्यांच्या जागी १२.२ टक्के. गुठळी काढल्यावर मेंदू सैल असेल आणि हाड सहज बसत असेल, तर ते बसवणे योग्य, असा याचा व्यवहारातील अर्थ घेतला जातो. मेंदू इतका सुजलेला होता की हाड बसणे शक्यच नव्हते, असे रुग्ण या चाचणीत नव्हते.

मेंदूच्या खोल भागात आपोआप झालेल्या मोठ्या रक्तस्रावासाठी, गुठळी न काढता केवळ हाड काढण्याचा प्रयोग स्विच या चाचणीत झाला. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. युरोपातील नऊ देशांत झालेली ही चाचणी निधीअभावी लवकर थांबवावी लागली. मृत्यू किंवा अंथरुणाला खिळलेली अवस्था यांचे एकत्रित प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत ४४ टक्के आणि इतरांत ५८ टक्के होते. हा फरक दिशा दाखवतो, पण निर्णायक म्हणण्याइतका भक्कम नाही.

गुंतागुंत आणि हाड पुन्हा बसवणे

हाड नसलेल्या जागी मेंदू आणि बाहेरचे जग यांमध्ये केवळ त्वचा व ठिगळ असते. त्यामुळे त्या कुशीवर झोपवणे टाळतात, पट्टीवर ‘हाड नाही’ अशी सूचना लिहितात आणि रुग्ण हिंडूफिरू लागल्यावर संरक्षक शिरस्त्राण घालण्याचा सल्ला देतात.

जखमेचा संसर्ग, विरुद्ध बाजूस नवा रक्तस्राव, त्वचेखाली द्रव साचणे, अपस्माराचे झटके आणि मेंदूच्या पोकळ्यांत द्रव तुंबून होणारे जलशीर्ष या प्रमुख गुंतागुंती आहेत. काही आठवडे किंवा महिन्यांनंतर सूज उतरते आणि त्वचा आत खचते. तेव्हा काही रुग्णांत डोकेदुखी, चक्कर, वाढता अशक्तपणा किंवा बोलण्यात घसरण दिसते. बाहेरील हवेचा दाब आता थेट मेंदूवर पडत असल्याने हे घडते, असे मानले जाते. हाड बसवल्यावर ही लक्षणे कधी कधी आश्चर्यकारक वेगाने ओसरतात.

हाड पुन्हा बसवण्याच्या शस्त्रक्रियेस क्रेनिओप्लास्टी म्हणतात. ती साधारणतः काही आठवड्यांपासून सहा महिन्यांच्या दरम्यान होते. स्वतःचे हाड तंतोतंत बसते आणि स्वस्त पडते. परंतु ते पुढे विरघळत जाण्याची शक्यता असते आणि मुलांमध्ये ती अधिक असते. टायटेनियम, अॅक्रिलिक किंवा ‘पीक’ नावाच्या बहुवारिकापासून मापाने बनवलेली तबके हे पर्याय आहेत. पहिल्या शस्त्रक्रियेस संमती देताना ही दुसरी शस्त्रक्रिया, तिचा खर्च आणि तिचे स्वतंत्र धोकेही अंतर्भूत असतात. ही गोष्ट घाईच्या प्रसंगी सांगायची राहून जाऊ शकते.

संमती आणि जीवनमान

शस्त्रक्रियेची गरज भासते तेव्हा रुग्ण बहुधा बेशुद्ध असतो किंवा त्याची वाचा गेलेली असते. निर्णय नातेवाइकांना, काही तासांच्या आत, घ्यावा लागतो. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पक्षाघातात बोलणे व समजणे कायमचे बाधित होण्याची शक्यता असल्याने पूर्वी त्या बाजूस शस्त्रक्रिया टाळण्याकडे कल होता. चाचण्यांतील उपगटांच्या तुलनेत मात्र वाचा गेलेल्या आणि न गेलेल्या रुग्णांच्या लाभात फरक आढळला नाही.

वाचलेल्यांना आपले आयुष्य कसे वाटते, याचा शोध काही अभ्यासांनी घेतला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पक्षाघातानंतर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी समाधान व्यक्त केले आणि पुन्हा तोच निर्णय घेतला असता, असे सांगितले. निरोगी माणसाला असह्य वाटणारे अपंगत्व त्यात जगणाऱ्याला तसे वाटेलच असे नाही, असा याचा एक अर्थ लावला जातो. दुसरीकडे, ज्यांची स्थिती सर्वांत वाईट आहे ते अशा प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाहीत आणि त्यांच्या वतीने उत्तर देणारी व्यक्ती बहुधा मूळ निर्णय घेणारीच असते. म्हणून हा आकडा जपून वापरावा लागतो. शुश्रूषेचा भार कोणावर पडतो, हेही त्यात दिसत नाही. जेथे दीर्घकालीन शुश्रूषेची संस्थात्मक सोय अपुरी आहे, तेथे ४ किंवा ५ या श्रेणीचा अर्थ घरातील एका माणसाने आपले काम सोडणे असा होऊ शकतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ खटल्यातील २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. हे इच्छापत्र प्रामुख्याने बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवण्याविषयीचे आहे. पक्षाघाताच्या दुसऱ्या दिवशी, परिणाम अनिश्चित असताना, कवटी उघडावी की नाही या निर्णयाला ते थेट लागू पडत नाही. मात्र कोणत्या प्रमाणातील परावलंबन आपल्याला मान्य असेल, हे त्यात किंवा घरच्यांशी झालेल्या बोलण्यात आधीच नोंदलेले असेल, तर संमतिपत्रावर सही करणाऱ्या नातेवाइकाला त्याचा आधार घेता येतो.